मड्डीच्या नोंदी : दीड एकर, एक घळ आणि लिटरभर पाणी

19 फेब्रुवारी 2023

काल शिवरात्रीचा उपवास रताळ्यांवर काढला. आज रताळ्यांच्या रानाखाली फाटत चाललेली आमची मड्डी, म्हणजे मुरमाड उताराचं रान, मोजायला गेलो. वही, पन्नास मीटरचा टेप आणि दादाचा धाकटा, एवढंच सोबत.

पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, एक एकर वीस गुंठे, त्यात बारा गुंठे 'अ खराब', पिकाला न चालणारी. प्रत्यक्षात खराब एकरभर तरी निघेल. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या वरच्या अंगाला. मड्डीचं पाणी ओढ्याला, ओढा मार्कंडेयला आणि मार्कंडेय धरणात. म्हणजे आमची माती शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या तळाशी जाऊन बसते.

घळ वरच्या बांधापासून ओढ्यापर्यंत 64 मीटर भरली. वरच्या टोकाला छातीएवढी खोल, खाली पसरट. दहा मीटर दोरी सपाट धरून उतार काढला : 1.2 मीटर, म्हणजे शंभराला बारा. घळीच्या टोकाच्या वर ओळीनं पाच खुंट्या मारल्या. घळ खालून वर चढते. पाणी टोकावरून धबधब्यासारखं पडतं, पाया पोखरतं आणि वरचा कडा ढासळतो. किती चढते ते खुंट्या सांगतील.

मूळ कारण घरचंच आहे. 2006 साली बाबांनी वरचा मुरूम विकला. त्या वर्षी सगळेच विकत होते, ट्रॅक्टरवाला दारात येऊन रोख मोजायचा. त्या पैशातून बोअर मारली, ती तिसऱ्या उन्हाळ्यात आटली. मुरमाबरोबर वरची हातभर माती गेली. आधी बोटभर ओघळी पडल्या, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये जिल्हाभर पूर आला तेव्हा त्यातल्या एकीची ही घळ झाली.

26 फेब्रुवारी 2023

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी रेतीच्या लॅबमध्ये असतो. मोल्डिंगच्या रेतीतून वायू निसटला नाही तर कास्टिंगला भोकं पडतात, म्हणून रोज रेतीची पर्मिएबिलिटी मोजायची. सोळा वर्षं रेतीतून हवा किती जाते ते मोजतोय, आणि स्वतःच्या रानात पाणी किती शिरतं ते कधी बघितलं नाही.

तुपाचा रिकामा डबा घेतला, दोन्ही बाजूंनी कापला, दोन बोटं जमिनीत ठोकला, लिटरभर पाणी ओतलं आणि मोबाईलवर घड्याळ लावलं.

करवंदीच्या जाळीखाली : 3 मिनिटं 10 सेकंद.
वरच्या बांधाला लागून असलेल्या तात्यांच्या रताळ्याच्या रानात : 9 मिनिटं.
आमच्या उघड्या मुरमावर : 47 मिनिटं. त्यातलं शेवटचं पेरभर पाणी उन्हानंच नेलं असावं.

जाळी आणि मुरूम यांच्यात अंतर वीस पावलांचं. पाऊस तोच, ऊन तेच. उघड्या मातीवर थेंब आपटला की बारीक कण सुटतात, ते छिद्रांत जाऊन बसतात आणि वर साय धरते. लॅबमध्ये अशा कणांना आम्ही फाइन्स म्हणतो, आणि ते वाढले की सुपरवायझर ओरडतो. इथं सतरा वर्षं ओरडायला कोणी नव्हतं. आमच्याकडं पाऊस भरपूर, पाणी कमी पडतंय असं नाही. त्याला आत यायला वाट नाही.

12 मार्च 2023

मातीचा अहवाल आला. सामू 5.6, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाहीच, स्फुरद कमी. जांभ्याच्या मातीत लोह फार, ते स्फुरदाला धरून ठेवतं आणि मुळाला मिळू देत नाही. नुसतं खत ओतून भागणार नाही. शेणखत आणि चुलीतली राख जपून ठेवायला वैनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राख पायजे तर चूल पेटवायला या की."

झाडं कुठली, यावर गावात प्रत्येकाचं मत आहे. बहुतेकांचं म्हणणं निलगिरी : लाव आणि विसर, सात वर्षांत पैसे. पलीकडच्या डोंगरावर निलगिरी आहे, तिच्याखाली जाऊन बघितलं. वाळका पाला आणि उघडी माती, गवताची काडी नाही. पाणी तिथूनही तसंच पळतं. दुसरं मत काजूचं. काजू आम्हाला इतका आपला वाटतो, पण आला पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून. तसं रताळंही तिकडचंच, तेव्हा गावठी-परदेशीचा हट्ट मी फार ताणत नाही. पण घळीच्या काठावर मला तेच हवं जे या टेकडीवर कोणी न लावता उगवतं.

देवाच्या रानात आणि वरच्या कड्यावर फिरून यादी केली. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, आवळा, हिरडा. त्यांच्या पायाशी भोमा, कुडा, रामेठा, करवंद. आणि जिथं माणसानं किंवा पाण्यानं माती खरवडलीय नेमकी तिथं धायटी. हिला चांगली माती लागतच नाही असं दिसतं.

9 एप्रिल 2023

दोन बांबू, आडवी काठी, मध्ये दोरीला बांधलेला बेअरिंगचा तुकडा. झाली ए-फ्रेम. पाच मीटरवर एक अशा समपातळीच्या रेघा फक्कीनं आखल्या. डोळ्याला सपाट वाटतं ते सपाट नसतं, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. माझी एक रेघ अंदाजानं मारलेली होती, ती टोकाला हातभर खाली निघाली.

सलग चर काढायचे नाहीत असं ठरवलं. एका जागी फुटला तर सगळं पाणी तिथूनच निघेल आणि नवी घळ पाडेल. तीन मीटर लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, मध्ये जागा सोडून, खालच्या ओळीतला चर वरच्या दोघांच्या मधल्या फटीसमोर. एका चरात साधारण 600 लिटर मावतात. एका गुंठ्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5,000 लिटर. उघड्या जमिनीवरून निम्मं वाहिलं असं धरलं तर गुंठ्याला चार चर, म्हणजे सगळ्या रानाला 240. चौघं मिळून दिवसाला सहा-सात होतात, तेही मुरमात पहार वाजत असताना. यंदा सगळे होणार नाहीत. वरून सुरुवात केली. घळीच्या तोंडाशी खणायची घाई सगळ्यांना असते, पण पाणी वरून येतं.

30 एप्रिल 2023

चर झाले 71. आज घळीत अनगड दगडाचे बांध घालायला घेतले. दगड शिवारातले आणि जुन्या चिरेखाणीतले मोडके चिरे. बांध 60 सेंटिमीटर उंच; खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी समपातळीत यायला हवा, म्हणून अंतर पाच मीटर. बारा लागले असते, दगड अकराला पुरले.

21 मे 2023

परवाच्या वळवानं अकरापैकी चार बांध बाजूनं कापले. चूक माझी. माथा ओट्यासारखा सरळ केला होता. पाण्याला मधून उतरायला खोलगट जागा नसली की ते कडेनं जातं, आणि कडेला मऊ माती असते. आता मधला भाग एक वीत खाली, दोन्ही बाजू काठात हातभर घुसवलेल्या, आणि पाणी पडतं तिथं पायाला सपाट दगडांची पाथर. दादा म्हणाला, "आदी इचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्यानं हे आधी कुठं केलंय ते मी विचारलं नाही.

18 जून 2023

मृग कोरडा गेला. समुद्रातल्या वादळानं ढग ओढून नेले म्हणतात. तरवे वाळताहेत. 120 रोपं अंगणात पाणी पीत बसलीत.

23 जुलै 2023

पाऊस आला तो एकदम आला. भिजत 120 रोपं लावली. सगळी नर्सरीतली : जांभूळ 40, करंज 30, आवळा 30, ऐन 20. खड्डे आदल्या आठवड्यात पहारीनं घाईघाईत काढलेले, गोल, दीड फुटी. हे उन्हाळ्यात करायचं काम, माहीत होतं. लग्नसराईत राहिलं.

27 ऑगस्ट 2023

महिनाभर पाऊस नाही. ऑगस्टमध्ये बुट्टीभर धूळ उडतेय असं इथं मी कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी आणि मधल्या एका संध्याकाळी कॅनमधून पाणी घालतोय. आंबलेल्या तोंडांची रोपं. चराच्या खालच्या बांधावर लावलेली त्यातल्या त्यात हिरवी.

8 ऑक्टोबर 2023

मोजणी : 120 पैकी 43 जिवंत.

आज मेलेली सत्त्याहत्तर एकेक करून उपटली. या कामाला अख्खा दिवस गेला, पण गेल्या सात महिन्यांत इतकं काही शिकायला मिळालं नव्हतं. बहुतेकांचं मूळ पिशवीच्याच आकाराचं होतं. अडीच महिन्यांत ते पिशवीबाहेर गेलंच नव्हतं. काहींचं सोटमूळ पिशवीच्या बुडाशी वेटोळं घालून बसलेलं, ती नर्सरीतूनच तशी आली होती आणि मी न बघता लावली. बाकीच्यांचा दोष खड्ड्याचा. ओल्या मुरमात पहार फिरवली की खड्ड्याची भिंत घोटून गुळगुळीत होते, उन्हात वाळली की मडकंच. त्या मडक्यात मी झकास शेणखत भरलं होतं. मूळ आत गोल गोल फिरत राहिलं, बाहेर पडायचं कारणही नाही आणि वाटही नाही. एका खड्ड्यात बोट घालून भिंत खरवडली तर नखाला लागेना.

जगलेल्या 43 पैकी 31 चराच्या बांधावरची, जिथं माती आम्ही स्वतः उकरून टाकलेली, भुसभुशीत.

आणि जे मी लावलंच नाही ते : चरांच्या काठानं धायटीची रोपं, मोजली नाहीत इतकी. कुठूनतरी बी आलं, चरात अडकलं, ओल मिळाली.

घळीच्या खुंट्या : 1.4 मीटरनं वर चढली. कमी पावसाच्या वर्षात.

26 नोव्हेंबर 2023

यंदा झाडांचा नाद थोडा सोडून गवताकडं वळलो. वैनी, दोन्ही पोरं आणि मी, दिवसभर वरच्या माळावर पवन्या आणि मारवेलचं बी ओरबाडलं. कुसळीचं नको म्हटलं, जनावरांच्या तोंडात रुततं. दीड पोतं झालं. लगेच पेरून उपयोग नाही, हे बी काही महिने झोपतं. माळ्यावर टांगलं.

रानमोडीचं तण फुलायच्या आत कापून चरांत दाबलं. फुकटचं आच्छादन, आणि बीही उडत नाही.

3 मार्च 2024

वरच्या डोंगराचा वणवा रात्री आमच्या बांधापर्यंत आला. तीन आठवड्यांपूर्वी काढलेली जाळरेषा जेमतेम तीन मीटरची, तिथं थांबला. एका कोपऱ्यात उडी मारून सात रोपं आणि बरंच गवत घेऊन गेला. ओल्या फांद्यांनी झोडपायला शेजारच्या गल्लीतली पोरं आली होती. त्यातल्या निम्म्यांनी लहानपणी हा डोंगर स्वतःच पेटवलाय, मीही त्यातलाच.

14 एप्रिल 2024

सगळ्यात उघड्या वीस गुंठ्यांवर मेंढरं बसवली. दरवर्षी पूर्वेकडून येणारे धनगरमामा, त्यांची कानडी आणि आमची मराठी अर्ध्या वाटेवर भेटते. साडेतीनशे मेंढरं, चार रात्री, जाळी दर रात्री सरकवायची. मोबदल्यात जोंधळे आणि थोडी रोकड. चौथ्या दिवशी अजून एक रात्र ठेवा म्हटलं तर मामांनी खाली वाकून माती मुठीत घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "साकु." पुरे.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. लेंडी आणि मूत हे एक. दुसरं, चौदाशे खुरांनी ती साय मोडणं. मुरूम कोरडा आहे तोवर खूर पोपडा फोडतं. ओला असता तर उलट दाबून घट्ट केला असता. म्हणून एप्रिल. पावसानंतर इथं एकही जनावर येणार नाही असं गल्लीत सांगून ठेवलं. दोघांना ते आवडलेलं नाही. त्यांना कापून नेण्याएवढं गवत ऑक्टोबरात देईन म्हटलं, ते हसले.

नवे खड्डे 60, सगळे चौकोनी. कोपऱ्यात मूळ अडतं आणि बाहेर घुसतं असं वाचलं होतं, आणि भिंती कुदळीच्या टोकानं ओरखडल्या. भरताना त्याच जागची माती जास्त, शेणखत एक बुट्टी, राख दोन मुठी. फार गोडधोड नको.

5 मे 2024

तात्यांशी बोलणं झालं. वर्षभर टाळत होतो. आमच्या घळीत येणारं निम्मं पाणी त्यांच्या रानातलं आहे. त्यांच्या रताळ्याच्या सऱ्या उताराला उभ्या, प्रत्येक सरी म्हणजे एक पन्हळ, आणि सगळ्या पन्हळी आमच्या बांधावर.

मी म्हटलं, आडव्या मारू या.

"आडवी सरी मारली की पाणी तुंबतंय. आषाढात इथं किती पडतंय तुला म्हाईत न्हाई? रताळी कुजली तर पैसे तू देणार काय?"

"तुमचीच माती जातीय तात्या."

"मला शिकवालास? मी ह्या रानात चाळीस वर्सं सरी मारालोय."

मुद्दा त्यांचा खोटा नाही. आमच्याकडं पावसाचा मार असा की अगदी समपातळीच्या सरीत पाणी उभं राहणारच, आणि रताळ्याला पाणी उभं राहिलेलं चालत नाही. दोन चहा झाल्यावर तडजोड : खालच्या दहा गुंठ्यांत सऱ्या आडव्या, पण शंभर मीटरला एक मीटर उतरतील अशा तिरक्या. टोकाला गवताचा पाट, तो घळ सोडून बाजूच्या कातळावर उतरवायचा. रताळी कुजली तर नुकसान मी भरायचं. हे घरी सांगितलेलं नाही.

9 जून 2024

मृग वेळेवर. गवताचं बी शेण आणि मातीत कालवून बारीक गोळ्या केल्या, नाहीतर वारा आणि मुंग्या वाटून घेतात. मेंढरं बसलेल्या जागेवर फोकलं. वाळ्याचे ठोंब घळीच्या टोकाच्या वर दोन ओळींत, वीतभर अंतरावर.

जांभळाचं बी ताजं असतानाच टोकलं, ते पंधरा दिवसांत मरतं. करवंदाचंही तसंच. खड्ड्यांत यंदा निम्मी रोपं, निम्मं बी.

28 जुलै 2024

आठ दिवस पाऊस थांबलेला नाही, पोरांच्या शाळेला सुट्ट्या. पहाटे घोंगडी घेऊन मड्डीवर गेलो. मातीचं काम बघायचं असेल तर पावसातच बघावं. कोरड्या दिवशी सगळेच बांध चांगले दिसतात.

चर तुडुंब, वरच्या ओळीतलं पाणी शांतपणे खाली सांडत होतं. अकरा बांधांपैकी एक गेला, सर्वात खालचा, जिथं दगड कमी पडले होते. बाकीच्यांमागं गाळ : सरासरी 35 सेंटिमीटर, तिसऱ्यामागं तर काठोकाठ. हा गाळ लाल नाही, काळसर आहे. तात्यांचा. त्यांना दाखवायला फोटो काढला, मग पाठवला नाही.

तात्यांची एक आडवी सरी फुटली. तिथं मी आणि ते दोघंही गुडघाभर चिखलात अर्धा तास माती ओढत होतो. बोलणं काही झालं नाही.

20 ऑक्टोबर 2024

रताळी निघाली. आडव्या दहा गुंठ्यांतल्या फुटलेल्या सरीच्या आसपास दोन पोती कुजलेली निघाली, बाकी ठीक. दोन पोत्यांचे पैसे घेऊन गेलो. तात्यांनी एका पोत्याचे घेतले.

मोजणी. यंदाची 30 रोपं : 24 जिवंत. बी टोकलेले 30 खड्डे : 19 मध्ये काही ना काही आहे, उंचीला रोपांच्या निम्मं, पण हलवून बघितलं तर हलत नाही. गेल्या वर्षीच्या 43 पैकी वणव्यात 7 गेली, आणखी 2 मेली, 34 उरली.

गवत वीस गुंठ्यांपैकी बारावर नीट बसलं. कापायला बोलावल्यावर एप्रिलात हसलेल्यांपैकी एक आला, चार भारे घेऊन गेला.

घळीच्या खुंट्या : 20 सेंटिमीटर. पाऊस गेल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त.

5 जानेवारी 2025

गवे. सहा-सात असावेत, खुरांवरून. पंधरा-वीस चरांचे काठ ढासळवले, आवळ्याच्या रोपांच्या साली सोलून खाल्ल्या, वाळ्याला तोंड लावलं नाही. करंजालाही नाही. पुढच्या वर्षीच्या यादीतून आवळा बाद, निदान कुंपण होईपर्यंत. तक्रार कोणाकडं करणार. त्यांच्या डोंगरावर निलगिरी कोणी लावली?

25 मे 2025

मान्सून काल केरळात पोचला म्हणे आणि आमच्याकडं चार दिवस आधीपासूनच धो धो आहे. रोहिणीत श्रावण. गवताचं बी अजून माळ्यावर, खड्डे अर्धवट. या वर्षी वेळापत्रक माझं नाही. ओल्या मुरमात नवे खड्डे काढायचे नाहीत, एवढं मात्र पाळणार. पहार घरी ठेवली.

तात्यांचं रान वरून दिसलं. सगळ्या सऱ्या आडव्या, खालच्या दहा गुंठ्यांतच नाही, वरच्याही. विचारलं तर म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला वळायला बरं पडतंय म्हणाला."

22 जून 2025

दोन दिवस उघडीप. तोच डबा, त्याच जागा.

करवंदीच्या जाळीखाली : 3 मिनिटं 25 सेकंद. म्हणजे मोजण्यात माझी चूक साधारण एवढी धरायची.
तात्यांच्या रानात : 8 मिनिटं.
मेंढरं बसवून गवत धरलं तिथं : 11 मिनिटं.
गवत न धरलेल्या आठ गुंठ्यांत : 39 मिनिटं.

आठ गुंठ्यांत मेंढरंही बसली होती, बीही पडलं होतं. तरी का धरलं नाही, म्हणून पहारीनं टोचून बघितलं. चार बोटांवर ठण्ण. खाली सलग जांभा आहे, मुरूम काढताना तिथं सगळ्यात खोल खरवडलं असणार. बाबांना विचारलं. म्हणाले, हो, ट्रॉल्या तिथूनच भरायच्या.

तिथं चर होणार नाहीत, खड्डेही नाहीत. कातळाला जिथं भेगा आहेत तिथं धायटीची सहा रोपं आपोआप आलीत. त्यांच्याभोवती दगडांची अर्धी कडी मांडली, रानमोडीचा पाला टाकला, डबा उचलला आणि घरी आलो. उद्या पहिली पाळी आहे.